तीन चाकांची सायकल

चाक मोडलं ते नेमकं उतारावर. चढावर मोडलं असतं तर थोरली सून खाली उतरली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या आणि सायकल ढकलत पुढे गेली असती. पण माणसाची सोय बघून मोडेल ते चाक कसलं! पावसाळ्यात चिखलात उमटलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या उन्हानं वाळून दगडासारख्या टणक झाल्या होत्या. त्यांतून वाट काढत, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे डबे लटकवून, ब्रेक आवळून ती उतरत होती. मागून 'कट्' असा आवाज झाला. मग कट् कट् कट्, आणि मागचं चाक जुन्या पत्र्यासारखं मुडपून चौकटीत अडकलं. थोरली एकीकडे, सायकल दुसरीकडे आणि दूध सगळं वाटेवर.

माती आधी पांढरी झाली, मग करडी, मग नुसतीच ओली. मळा तुडवून, पहाटे गारठ्यात बसून काढलेलं दूध चाकोऱ्यांनी घटाघटा पिऊन टाकलं.

"लागलं का गं बाई?" वरच्या बांधावरून एका मेंढरंवाल्यानं विचारलं.

"मला काय विचारता? दुधाला विचारा!" थोरली ओरडली. तिचं कोपर सोलवटलं होतं, पण तिकडे बघायला तिला सवड नव्हती. ती चाकाकडे बघत होती. मोडलेल्या आऱ्याला शेजारच्या आऱ्याशी बारीक तारेनं बांधलं होतं. एका नाही, बऱ्याच आऱ्यांना. वर काळं वंगण फासलं होतं, सहज बघणाऱ्याला दिसू नये म्हणून. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ही सायकल एकच होती आणि घर सगळं तिच्यावर चालत होतं. सकाळी थोरली तिच्यावरून दूध संकलनाला नेई. दुपारी तिचा धाकटा दीर तिच्यावरून लाकडाच्या वखारीत पाळीला जाई. थोरलीच्या नवऱ्याला सायकल येतच नव्हती. लहानपणी एकदा कुंपणात घुसला तो पुन्हा बसला नाही, त्यामुळे त्याच्या हातून सायकल मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि मोडण्याचा प्रश्न त्या घरात फार मोठा होता. सासऱ्यानं घालून दिलेला एक नियम होता. 'ज्याच्या हाती मोडेल, त्यानं भरायचं.' म्हाताऱ्याच्या तरुणपणी एका कुऱ्हाडीच्या दांड्यावरून त्याची आणि त्याच्या भावाची जुंपली होती. दांडा कुणी मोडला ते ठरेना, आणि तेवढ्यावरून घराच्या वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, बोलणं मोडलं ते मोडलंच. आपल्या पोरांत तसं होऊ नये म्हणून म्हाताऱ्यानं हा नियम केला. साधा, सरळ, कुणालाही कळेल असा. गावात चारचौघांत तो अभिमानानं सांगायचा, "आमच्या घरात कधी तंटा नाही."

थोरलीनं मोकळे डबे कॅरेजला बांधले, सायकलचं मागचं अंग खांद्यावर घेतलं आणि ती घराकडे निघाली. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. संकलन केंद्रावरच्या मापवाल्यानं गेल्याच आठवड्यात तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. "बाई, एक दिवस डबा आला नाही तर समजून घेईन. लागोपाठ दुसऱ्या दिवशी आला नाही, तर तुमची जागा दुसऱ्याला. बाहेर रांग लागलीये." आजचा डबा गेला मातीत. उद्याचा पोचला नाही तर दूध घरी नासवायचं आणि गुरांना बाजार दाखवायचा. चालत न्यावं तर दोन भरले डबे आणि एवढं अंतर. दुधाची गाडी निघून गेल्यावर ती पोचली असती.

अंगणात धाकटा दीर चहा पीत उकिडवा बसला होता. त्यानं आधी डबे बघितले, मग चाक, मग चहात तोंड घातलं.

"भावजी, ही तार कुणी बांधली?"

"कुठली तार?"

"डोळे फुटलेत का? ही! आणि ही! आणि ही!"

"मला काय माहीत, वहिनी. सायकल दोघांची आहे."

"म्हणजे आरे मोडले ते तुम्हाला ठाऊक होतं. मला सांगितलं नाहीत. वंगण फासून माझ्या हातात दिलीत, म्हणजे मोडेल ते माझ्या हाती!"

"उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!" दीर उभा राहिला. "मी काल व्यवस्थित घरी आणली. तुम्ही आज पाडलीत. कुणाच्या हाती मोडलं, ते तुम्हीच सांगा."

"मोडलं माझ्या हाती, पण मारलं तुमच्या हातांनी!"

थोरला गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आला आणि तिथेच घुटमळला. "अगं, जरा हळू," तो म्हणाला. "लोक ऐकतील."

"ऐकू देत की! एवढ्या लांबून सायकल खांद्यावर आणली, ती लोकांनी बघितलीच आहे."

म्हातारा ओट्यावर खाटेवर बसला होता. त्यानं घसा खाकरला तसे सगळे गप्प झाले. त्याचा न्याय तयारच असायचा. विळा असो, कुलूप असो, सायकल असो, न्याय एकच.

"सूनबाई, चाक कुणाच्या हाती मोडलं?"

"मामंजी, पण ही तार..."

"तार राहू दे. मोडलं कुणाच्या हाती?"

 रडू येत नव्हतं, राग मावत नव्हता. "माझ्या."

"मग तू भर. नियम तो नियम."

आणि इथं दिरानं जे केलं, त्याला गावात नाव नाही. कप खाली ठेवून तो म्हणाला, "आता वहिनी, दुरुस्ती-बिरुस्ती नको हं. नवीनच चाक घाला. ते चाक पार गेलंय. मला वखारीत जायला रोज भीती वाटते."

काल संध्याकाळपर्यंत हाच माणूस मोडक्या आऱ्यांना बाशिंग बांधावं तशा तारा बांधत होता. भरायला दुसरं कुणी मिळाल्याबरोबर त्याला नवं चाक आठवलं. थोरलीनं त्याच्याकडे असं बघितलं, की कप उचलून तो मागच्या दारानं गेला.

सायकलवाल्याला सगळा गाव उद्यावाला म्हणे, कारण कुठलीही वस्तू घेऊन जा, तो म्हणे, 'उद्या या.' त्याचं दुकान म्हणजे चौकातल्या झाडाखालचा पत्र्याचा आडोसा. आत टायरची उतरंड, खिळ्यांना लोंबणाऱ्या चेन, पंक्चर बघायची पाण्याची कढई आणि एक मोडकं स्टूल. थोरलीनं सायकल त्याच्यासमोर टाकली आणि त्याच स्टुलावर बसली.

"उद्या या," तो वर न बघता म्हणाला.

"उद्या नाही. आज. आत्ता."

"बाई, दुसऱ्यांची कामं आहेत."

"असू देत. मी इथंच बसते. बघू कोण आधी उठतं."

उद्यावाल्यानं तिचं सोलवटलेलं कोपर बघितलं, तोंड बघितलं आणि निमूट पाना घेतला. चाक काढलं, टायर उतरवला. रिंगवर बोट फिरवता फिरवता हसला. "हे बघा. रिंगला चीर गेलीये आणि वर रंग दिलाय. कोण एवढा कलाकार तुमच्या घरात?"

"आहे एक."

"नुसता एक नाही." त्यानं पकडीनं एकेक तार सोडवायला घेतली. "ही बांधकामाची तार, वखारीतली असणार. हीपण तीच. हीपण. आणि ही..." सगळ्यात आतली, चाकाच्या मधोमध हबच्या अंगाला बांधलेली तार त्यानं ओढून काढली. तिच्यावर निळ्या प्लॅस्टिकचं वेष्टण होतं. "ही वेगळी. कपडे वाळत घालायच्या दोरीची. हीच सगळ्यात जुनी, गंजून चिकटलीये. इथूनच सुरुवात झाली. त्याच वेळी आणली असती तर एका आऱ्यावर भागलं असतं. एक आरा गेला की शेजारच्यावर भार पडतो, मग तोही जातो."

 निळी तार थोरलीची होती. उन्हाळ्यात एक आरा तुटून खुळखुळ वाजायला लागला, तेव्हा तिनंच अंगणातल्या दोरीचा तुकडा कापून तो बांधला होता आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. दुधाचे दिवस मंदीचे होते. वाटलं, चार दिवस निभेल, नंतर बघू. दिराच्या हाती मोडलं तर मोडेल, असंही तेव्हा मनाच्या कोपऱ्यात होतं. ते आठवलं आणि तिला दिराचा आणखीच राग आला. स्वतःवरचा राग ठेवायला माणसाकडे जागा नसते, तो बहुतेक जण शेजारच्याच्या अंगणात नेऊन टाकतात.

"बोला," उद्यावाला म्हणाला. "दुरुस्त करू, की नवीन?"

"दुरुस्त केलं तर?"

"रिंग ठोकून, आरे बदलून उभं करतो. हलकं माणूस, सपाट रस्ता, हळूहळू गेलं तर फिरेल. डबे लटकवून त्या उतारावर न्याल तर पुन्हा माझ्याकडे याल. नाहीतर वैद्याकडे जाल."

"आणि नवीन?"

त्यानं वर टांगलेलं एक चाक दाखवलं. कुणासाठी तरी बांधून ठेवलेलं, पण 'उद्या'ला कंटाळून ते गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं. रिंग लखलखीत, आरे ताणून बसवलेले. उद्यावाल्यानं त्याला बोटानं टिचकी मारली तसं ते सुरात वाजलं. "हे घाला आणि विसरा."

थोरली विचार करू लागली. नवं घालावं तर भरणार ती आणि त्यावर मिरवत वखारीत जाणार दीर. त्याच्या हाती बिघडलं तर तो पुन्हा वंगण फासणार. दुरुस्त करावं तर उतारावर तीच पडणार. कसंही केलं तरी आवळा देऊन कोहळा काढणार दीरच. मग तिच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचं तोंड सैल झालं.

"दोन्ही करा."

"दोन्ही म्हणजे?"

"हे नवीन चाक माझं. बदल्यात तुमच्या घरी दुधाचा रतीब, फिटेपर्यंत. आणि ते जुनं ठोकून द्या. ते भावजींचं. ते हलकं माणूस आहेत, वखारीचा रस्ता सपाट आहे."

उद्यावाला पाना हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "आणि सायकल?"

"सायकल दोघांची. नियमच आहे."

दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर पोचलं. मापवाल्यानं डबा मोजून घेतला आणि तोंड वाकडं केलं, कारण तिची जागा त्यानं मनातल्या मनात मेहुण्याला देऊन टाकली होती. घरी आल्यावर थोरलीनं सायकल अंगणात उलटी केली, पाना घेतला, नट सोडले, चेन उतरवली, नवं चाक काढलं आणि कपाळावरचा घाम पुसून ते आपल्या खोलीत नेऊन पलंगाखाली ठेवलं. जुनं चाक भिंतीला टेकवून ठेवलं.

दीर जेवून हात पुसत बाहेर आला. मागचं चाक नसलेली, उलटी टाकलेली सायकल बघून तो उभाच राहिला.

"वहिनी, चाक?"

"ते काय, भिंतीपाशी. तुमचं आहे. तुम्हीच बांधलेल्या तारा होत्या त्याला, ओळख पटली नाही का?"

"आणि नवीन?"

"ज्यानं भरलं, त्याचं. मामंजी, असंच ना?"

म्हातारा काहीतरी बोलायला गेला, पण त्याच्याच नियमानं त्याची वाट अडवली होती. तो कूस बदलून पडून राहिला.

दिराला चाक बसवायची सवय नव्हती. चेन बोटांत अडकली, नट मातीत हरवला, हात काळे, सदरा काळा. वखारीत उशिरा पोचला, तर मुकादमानं झाडला. असं रोज चाललं. पहाटे थोरली गार पडलेल्या बोटांनी आपलं चाक चढवी, आल्यावर उतरवी. दुपारी दीर शिव्या देत आपलं चढवी. गावाला फुकटचा तमाशा मिळाला. पारावरची माणसं म्हणू लागली, "चार चाकांची गाडी बघितली, दोन चाकांची सायकल बघितली. तीन चाकांची सायकल फक्त त्यांच्या घरी."

थोरलीला ते ऐकून हसू यायला हवं होतं. येत नव्हतं. रोज पहाटे नट आवळताना राग नव्यानं आवळला जायचा. दीर समोर आला की तिचे दात आपोआप घट्ट मिटत. थोरला मध्ये एकदा म्हणाला, "अगं, पुरे आता. तुझीच बोटं सोलतायत." तर ती म्हणाली, "सोलू देत. माझीच आहेत, मीच भरेन."

एका सकाळी धाकटी जाऊ अंगणात कपडे वाळत घालत होती. धाकटी बोलायला फार गरीब, तिचा आवाज घरात असून नसल्यासारखा. थोरली शेजारी चाक उतरवत होती. दोरी मध्ये गाठ मारून जोडलेली होती. धाकटीनं गाठीपाशी कपडा टाकला, सरळ केला आणि न बघता म्हणाली,

"ताई, या दोरीचा तुकडा कुठं गेला ते मला तेव्हापासून ठाऊक आहे."

थोरलीच्या हातातला पाना थांबला.

"मी यांना सांगितलं नाही," धाकटी म्हणाली. "मी तरी कोणत्या तोंडानं सांगू? मोठ्या पातेल्याचा कान माझ्या हातून निखळलाय. फडक्यात गुंडाळून, चिकटवून ठेवलाय. रोज वाटतं, तुम्ही ते उचलावं आणि तुमच्या हाती यावा." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "त्यातच तुम्ही दूध उकळता ताई. अंगावर सांडलं असतं तर? मी रोज घाबरते आणि रोज गप्प बसते. काय झालंय काय आपल्याला?"

थोरलीनं उरलेला नट सोडून चाक काढलं. मग ती उठली. पण राग गेला होता असं समजू नका. राग होता तेवढाच होता, फक्त त्यानं तोंड फिरवलं होतं.

त्या दिवशी वखार बंद होती, सगळे घरीच होते. थोरलीनं ते नवं चाक उचललं आणि ओट्यावर म्हाताऱ्याच्या खाटेसमोर नेऊन आपटलं. झण्ण आवाज झाला.

"मामंजी, हा नियम मोडा."

"नियम मोडत नसतो."

"मग माणसं मोडतात. उतारावर माझी मान मोडायची ती कोपरावर निभावली. ऐका सगळ्यांनी. चाकाला पहिली तार मी बांधली. दोरीची निळी तार. मी लपवलं."

"बघा!" दीर टुणकन उठला. "बघा, चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हणतच होतो..."

"तुम्ही खाली बसा," धाकटी म्हणाली. नवऱ्याला असं बोललेलं तिचं कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून तो बसला. "पातेल्याचा कान मी मोडलाय." आणि ती आत जाऊन पातेलं घेऊनच आली.

थोरला उभा होता तो चुळबुळला. पायानं माती उकरली. "फावड्याचा दांडा," तो म्हणाला. "आतून चिरलाय. वर चिखल लावून ठेवतो. कुणीतरी घेईल म्हणून रोज पुढे ठेवतो." बायकोनं त्याच्याकडे बघितलं तसा तो स्वतःच जाऊन फावडं घेऊन आला. मग दीर हळूच उठला आणि गोठ्याच्या दाराची निखळलेली बिजागरी खिशातून काढली. कधीपासून ती त्याच्या खिशात होती आणि दार नुसतं टेकवून ठेवलं जात होतं. मग कंदिलाची काच आली. मग मोडक्या दाताची दाताळी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं सगळं घर इतके दिवस चाललं होतं. ओट्यावर ढीग झाला. ज्याच्यात तंटा नव्हता अशा घराची ती सगळी संपत्ती.

म्हातारा खाटेवर मान खाली घालून बसला होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"विहिरीची कप्पी," तो पुटपुटला.

"काय?"

"कप्पीचा आस तडकलाय. पाणी काढताना माझ्याच हाती."

थोरलीला क्षणभर कळेना. मग कळलं. "म्हणून तुमचे गुडघे दुखायला लागले? म्हणून तुम्ही विहिरीवर जाणं सोडलंत?"

म्हाताऱ्यानं गुडघ्यांवरचे हात मागे घेतले.

"रोज ही पोर जाते!" थोरलीनं धाकटीचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "काठावर वाकून, भरली बादली ओढून! कप्पी सुटली असती तर बादलीबरोबर ही आत गेली असती. मग काय भरलं असतंत तुम्ही? बोला ना मामंजी! कुणाच्या हाती मोडलं म्हणाला असता? तिच्या?"

 दिराचा चेहरा पांढरा पडला होता. तो बापाकडे बघत होता, मग बायकोकडे, मग हातातल्या बिजागरीकडे. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "भांडणं नकोत म्हणून केलं गं," तो आतून म्हणाला. "माझा भाऊ गेला तेव्हाही आम्ही बोलत नव्हतो."

थोरलीला त्याची दया आली, पण ती दया तिनं त्या दिवशी दाखवली नाही. "भांडणं होऊ देत," ती म्हणाली. "भांडून कुणी विहिरीत पडत नाही. आजपासून मोडेल त्यानं ओरडायचं. सगळ्यांनी मिळून भरायचं. आणि जो लपवील, त्यानं एकट्यानं."

थोरल्यानं त्याच पावली जाऊन कप्पी उतरवली. दिरानं नवं चाक सायकलला चढवलं आणि नट इतका आवळला की पाना वाकला. "पाना वाकला!" तो मोठ्यानं ओरडला, आणि धाकटी फस्सकन हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे थोरली डबे लटकवत होती. गारठा चांगलाच होता. दीर डोळे चोळत बाहेर आला आणि त्यानं न सांगता हँडल धरलं. 

"वहिनी. पुढच्या चाकाचा एक आरा सैल आहे."

थोरलीनं डबा तसाच धरून ठेवला. "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मग काल सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही फार ओरडत होता."

तिच्या ओठांवर शिवी आली होती. ती तिनं अर्धी गिळली, अर्धी दिली. मग वाकून तो आरा बोटानं हलवून बघितला. खरंच सैल होता, पण तुटला नव्हता.

"उतारावर उतरून चालत नेते," ती म्हणाली. "येताना उद्यावाल्याच्या स्टुलावर बसते."